कॅसिनोविना रंजन : ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील नकलाकार, एकपात्री कलावंत व त्यांचे आश्रयदाते

प्रस्तावना

मराठी रंगभूमीचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. संगीत नाटक, सामाजिक नाटक, प्रायोगिक नाटक, तमाशा आणि लोकनाट्य या प्रत्येक प्रवाहाला अभ्यासक लाभले आहेत. मात्र दोन गाण्यांच्या मधल्या दहा मिनिटांत रंगमंचावर येऊन नटांचे आवाज काढणारा नकलाकार, बोलक्या बाहुल्यांचा शब्दभ्रमकार, जादूगार, विनोदी निवेदक आणि एकपात्री प्रयोग करणारा कलावंत यांची नोंद या इतिहासात क्वचितच आढळते. त्यांच्याजवळ बहुधा छापील संहिता नसते, नाटक मंडळीसारखी संस्था नसते आणि वर्तमानपत्रात समीक्षणही येत नाही. कार्यक्रम संपला की हशा विरतो आणि हशाबरोबर कलावंताचे नावही विरते.

पाश्चात्य देशांत या वर्गाच्या कलावंतांचा इतिहास प्रामुख्याने जुगारगृहांच्या, म्हणजेच कॅसिनोंच्या, आश्रयाने घडला. महाराष्ट्रात कॅसिनो कधीच उभा राहिला नाही. मग येथील विविधरंजनाच्या कलावंताला कोणी पोसले? त्या आश्रयाने त्याच्या विनोदाला कोणते वळण दिले? तो आश्रय आटू लागला तेव्हा काय घडले? प्रस्तुत निबंधात या तीन प्रश्नांचा विचार ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या मध्य रेल्वेवरील शहरांच्या संदर्भात केला आहे. आश्रयदाता बदलला की केवळ कलावंताची मिळकत बदलत नाही. कोणावर हसायचे आणि कोणावर हसायचे नाही, याची मर्यादाही बदलते, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

कॅसिनोचा आश्रय आणि महाराष्ट्राचा कायदा

अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. पुढील काही दशकांत लास व्हेगास येथील जुगारगृहांनी गायक, विनोदकार, नकलाकार आणि जादूगार यांची मोठी बाजारपेठ उभी केली. या व्यवहाराचे गणित साधे होते. रंजनाचा खर्च तिकिटातूनच निघावा अशी सक्ती नव्हती, कारण रंजन हे जुगाराच्या टेबलाकडे गिऱ्हाईक ओढून आणण्याचे आणि त्याला तेथे थांबवून ठेवण्याचे साधन होते. डॅनी गॅन्स हा नकलाकार २००० ते २००८ या काळात तेथील मिराज या एकाच जुगारगृहात प्रयोग करीत राहिला. प्रेक्षक प्रवासी असल्यामुळे तो रोज नवा असे. साहजिकच कलावंताला तोच प्रयोग वर्षानुवर्षे घासूनपुसून करता येई.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील १९७६च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांच्या खेळांना मुभा मिळाली आणि १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोंचा मार्ग मोकळा झाला. मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या जहाजांवर वाद्यवृंद, नृत्य, जादू आणि विनोद यांचे कार्यक्रम होऊ लागले.

महाराष्ट्राची कथा निराळी आहे. या राज्यानेही १९७६ मध्येच कॅसिनो नियंत्रण व कर अधिनियम संमत केला होता. परंतु तो अमलात आणणारी अधिसूचना कधीच निघाली नाही. जुगाराबाबत १८८७च्या प्रतिबंधक कायद्याचाच अंमल चालू राहिला आणि ४७ वर्षे कागदावर पडून राहिलेला हा अधिनियम अखेर २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय झाला. परिणामी येथील नकलाकाराला जुगारातून मिळणाऱ्या पैशाचा आधार मिळाला नाही आणि त्या पैशाचे बंधनही आले नाही. त्याला आपले आश्रयदाते अन्यत्र शोधावे लागले.

बहुरूपी ते एकपात्री

नक्कल ही महाराष्ट्राला नवी नाही. तमाशातील सोंगाड्या, वासुदेवाप्रमाणेच दारोदार हिंडणारा बहुरूपी आणि कीर्तनाच्या उत्तररंगात पात्रागणिक आवाज बदलणारे हरदास ही तिची जुनी रूपे होत. पोलीस, वैद्य, सावकार अशी सोंगे घेऊन येणारा बहुरूपी गावातल्या सत्तावानांचीच नक्कल करीत असे आणि त्याबद्दल त्याला धान्य वा पैसे मिळत. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी या समाजाचा समावेश आहे.

येथे कायद्यातील एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. महाराष्ट्र भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ यातील भिक्षेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करणे अशा मिषाने सार्वजनिक ठिकाणी दान मागणे वा स्वीकारणे यांचाही अंतर्भाव आहे. म्हणजे तीच नक्कल रस्त्यावर केली तर ती भिक्षा ठरू शकते आणि पडदा, ध्वनिवर्धक व तिकीट यांच्या सोबतीने केली तर ती कला ठरते. कलावंताचा दर्जा त्याच्या कौशल्यापेक्षा त्याच्या जागेवरून ठरत गेला, याचा याहून स्पष्ट लेखी पुरावा क्वचितच मिळेल.

१९६०च्या दशकात या जुन्या परंपरेला मध्यमवर्गीय प्रतिष्ठा लाभली. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली आणि एक माणूस, एक रंगमंच व अनेक पात्रे हा प्रकार नाट्यगृहाच्या तिकीटबारीवर चालू शकतो हे सिद्ध केले. ज्याला गावाने बहुरूपी म्हणून दारात उभे केले होते, तोच आता दिवाणखान्यात आदराने बोलावला जाऊ लागला. त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने श्रोत्यांची नवी पिढी घडवली. सेवादलाच्या कलापथकातून आलेल्या राम नगरकरांनी ‘रामनगरी’त स्वतःच्या जगण्यालाच विनोदाचा विषय केले. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने साकारल्या. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी पुढील पिढ्यांपर्यंत नेला. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांनी जादूच्या खेळाला नाटकाइतकीच शिस्त आणली.

ही नावे सर्वपरिचित आहेत. तथापि त्यांच्या मागे शेकडो अपरिचित कलावंत उभे होते आणि त्यांची जडणघडण उपनगरांत झाली.

तीन पायऱ्यांची शिडी

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे स्वातंत्र्योत्तर काळात नोकरदारांची आणि कामगारांची वसतिस्थाने म्हणून वाढली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून वाचकवर्ग घडवीत होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. पुढे डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत आली. अंबरनाथचा दारूगोळा कारखाना, शहाड आणि आंबिवली येथील रेयॉनचे कारखाने, रेल्वे, बँका आणि मुंबईतील कचेऱ्या यांत दिवसा काम करणारा आणि सायंकाळी कला जोपासणारा माणूस हा या पट्ट्याचा प्रातिनिधिक कलावंत होय. नोकरी हाच त्याचा पहिला आश्रयदाता होता. प्रयोग पडला तरी चूल पेटत असे.

या कलावंताच्या वाटचालीत साधारणतः तीन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी शाळा-महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन आणि कारखान्यातील वार्षिक समारंभ ही होती. प्राचार्यांची, फोरमनची वा साहेबांची नक्कल येथे खपून जाई. मुंबईतील जॉनी लिव्हर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार असताना त्यांनी समारंभात वरिष्ठांच्या नकला केल्या आणि कंपनीचे नावच त्यांना आडनावासारखे चिकटले. पुढे कल्याणजी-आनंदजी यांच्या कार्यक्रमांतून ते देशभर पोहोचले. राज्यात १९५३च्या कायद्याने उभारलेल्या कामगार कल्याण निधीतून चालणारी केंद्रे आणि नाट्यस्पर्धा यांनीही अशा हौशी कलावंतांना रंगमंच दिला.

दुसरी पायरी सार्वजनिक गणेशोत्सवाची. १८९० च्या दशकात या उत्सवाला सार्वजनिक रूप आले, तेव्हापासून मेळे हे त्याचे अंग होते. कल्याणच्या सुभेदार वाड्यातील उत्सवाची परंपराही टिळकांच्या हयातीपासूनची आहे. मेळ्यांची जागा कालांतराने नाटक, वाद्यवृंद आणि ‘विविध गुणदर्शन’ यांनी घेतली. उत्सवाच्या दहा दिवसांत एकाच पट्ट्यात अनेक मंडळांचे कार्यक्रम होत. नकलाकार एका संध्याकाळी दोन ठिकाणी ‘नाइट’ घेऊ शकत असे. मानधन वर्गणीतून दिले जाई.

तिसरी पायरी ऑर्केस्ट्राची. १९७० आणि १९८० च्या दशकांत चित्रपटगीतांचे ऑर्केस्ट्रा भरात होते. त्यात नकलाकाराचे स्थान वरवर पाहता दुय्यम असे, पण व्यवहारात ते अपरिहार्य होते. गायकाला दम घ्यायचा असे, वादकांना वाद्ये जुळवायची असत, नर्तिकेला पोशाख बदलायचा असे. ही पोकळी भरण्याचे काम नकलाकाराचे. नटांचे आवाज, रेल्वे स्थानकावरची घोषणा, फेरीवाल्याची हाळी, क्रिकेटचे धावते समालोचन आणि प्राणी-पक्ष्यांचे आवाज हा त्याचा ठरलेला माल होता. कंत्राटदार ‘सुपारी’ ठरवताना गायकांची नावे मोठ्या अक्षरांत छापी आणि नकलाकार बहुधा ‘आणि हास्याचा धबधबा’ अशा एका ओळीत बसवला जाई. इतिहासाच्या साधनांतून तो का निसटला, याचे एक उत्तर या जाहिरातींच्या मांडणीतच आहे.

आश्रयाने घडवलेला विनोद

कॅसिनोतील प्रेक्षक आणि गणेशोत्सवातील प्रेक्षक यांत मूलभूत फरक आहे. कॅसिनोतील प्रेक्षक प्रौढ, अनोळखी आणि एका रात्रीचा असतो. मंडपातील प्रेक्षक ओळखीचा असतो. आजी, नातवंडे, शेजारी, पावती फाडणारा कार्यकर्ता आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणारे मंडळ, हे सर्व एकाच सतरंजीवर बसलेले असतात. याचे तीन परिणाम झाले.

पहिला परिणाम म्हणजे विनोद ‘घरगुती’ राहिला. द्व्यर्थी वाक्याला ऑर्केस्ट्रात जागा होती, मंडपात ती अल्प होती. दुसरा परिणाम म्हणजे कलावंताला दरवर्षी नवी सामग्री जमवावी लागली, कारण त्याच गल्लीत तोच विनोद दुसऱ्या वर्षी चालत नसे. तिसरा आणि सर्वांत दूरगामी परिणाम म्हणजे आश्रयदात्यावर हसण्याची मुभा मर्यादित राहिली. मंडळाचा अध्यक्ष, स्थानिक नगरसेवक आणि जाहिरातदार बिल्डर हे पुढच्या रांगेत बसत. त्यामुळे नक्कल मुख्यतः दूरच्या थोरांची होई, म्हणजे चित्रपटनटांची, दिल्लीतल्या पुढाऱ्यांची, क्रिकेटपटूंची. जवळच्या सत्तेची नक्कल करणे हे बहुरूप्याचे मूळ कार्य होते. उपनगरी नकलाकाराला तेच अवघड झाले.

यात राज्याच्या नियमनाची भर होती. सार्वजनिक करमणुकीच्या जागा आणि प्रयोग यांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली परवाने लागतात आणि संबंधित नियमांत मेळे व तमाशे यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. प्रयोगाच्या संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी सादर कराव्या लागतात. ही व्यवस्था लिखित शब्द गृहीत धरते. नकलेचा अर्थ मात्र शब्दांत नसून सुरात, विरामात आणि भुवईच्या हालचालीत असतो. कागदावर निरुपद्रवी असलेले वाक्य विशिष्ट आवाजात उच्चारले की त्याचा वाग्बाण होतो. परिणामी नकलाकाराचे खरे परिनिरीक्षण मंडळाने केले नाही. ते आयोजकांनी केले.

स्त्रियांच्या वाट्याला या क्षेत्रात गायिका, नर्तिका वा सूत्रसंचालिका या भूमिका आल्या. लोकांना हसवणारी स्त्री मंडपात जवळजवळ दिसली नाही. विशाखा सुभेदार, श्रेया बुगडे अशा अभिनेत्रींना विनोदासाठी स्वतंत्र ओळख मिळाली ती दूरचित्रवाणीच्या काळात. रात्री उशिराचा प्रवास, अस्थायी रंगपट आणि ‘सुपारी’चा तोंडी व्यवहार या परिस्थितीत एकट्या स्त्री कलावंताला टिकणे कठीण होते, हे त्यामागील कारण नाकारता येणार नाही.

नाट्यगृहांचे आगमन

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी १९७८ मध्ये गडकरी रंगायतन सुरू झाले. १९८२ मध्ये ठाणे आणि १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. पुढे कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि ठाण्याचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह उभे राहिले. यांपैकी दोन वास्तूंना ज्यांची नावे आहेत ते राम गणेश गडकरी आणि आचार्य अत्रे हे दोघेही विनोदकार होते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन केले आणि अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने १९२५ मध्ये विडंबनाला मराठीत मानाचे स्थान दिले. विनोदी लेखक वि. आ. बुवा यांचे वास्तव्यही डोंबिवलीतच होते.

नाट्यगृहांमुळे एकपात्री कलावंताला पक्के छप्पर, चांगला ध्वनी आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळाला. तथापि भाडे, अनामत आणि जाहिरात यांचा भार एकट्या कलावंताला पेलणे कठीण जाते. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी व्यावसायिक नाटकांची चढाओढ असते. नाट्यगृहाने एकपात्री प्रयोगाला सामावून घेतले, परंतु दहा मिनिटांच्या नकलाकाराला तेथे स्वतःची अशी वेळ मिळाली नाही. ती उणीव ठाण्याच्या अभिनय कट्ट्यासारख्या खुल्या उपक्रमांनी काही अंशी भरून काढली.

आश्रय आटण्याची कारणे

२००० नंतरच्या दोन दशकांत मंडप आणि ऑर्केस्ट्रा या दोन्ही पायऱ्या खचल्या. या ऱ्हासाचे खापर केवळ दूरचित्रवाणीवर फोडले जाते. ते अपुरे आहे.

पहिले कारण कायदेशीर आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकावर बंदी आली. २००२च्या दुरुस्तीने वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला मिळाला. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्बंधांना बळ दिले. नागरिकांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु मुंबईहून लोकलने आठ-साडेआठला घरी पोहोचणाऱ्या प्रेक्षकांच्या शहरात दहाची मर्यादा म्हणजे कार्यक्रमाला जेमतेम तासभर उरणे होय. प्रथम कात्री लागली ती गाण्यांना नव्हे, तर गाण्यांच्या मधल्या दहा मिनिटांना.

दुसरे कारण जागेचे. शहरे दाटत गेली तशी मोकळी मैदाने घटली, मंडप रस्त्यावर आले आणि रस्त्यावरचा मंडप मूर्ती व रोषणाई यांपुरता उरला. तिसरे कारण ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाच्या अर्थांतराचे. ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर चालणारे बार आणि डान्स बार मुंबई-ठाणे पट्ट्यात फोफावले. २००५ मध्ये राज्याने डान्स बारवर बंदी घातली, २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या दीर्घ वादात ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द कौटुंबिक करमणुकीपासून दुरावला. महाराष्ट्रातील कॅसिनोसदृश रात्रजीवन म्हणावे तर ते या बारमध्येच होते, पण त्याने गायिका आणि नर्तिका यांना काम दिले, नकलाकाराला नाही. मद्य आणि पैसे उधळणे यांवर चालणाऱ्या जागेत हशाला मोल नव्हते.

चौथे कारण अर्थातच दूरचित्रवाणी होय. २००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ ही स्पर्धा गाजली आणि विदर्भातून आलेले सुनील पाल तिचे विजेते ठरले. मराठीत ‘फू बाई फू’, २०१४ मध्ये सुरू झालेले ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी विनोदी कलावंताला घराघरांत नेले. डोंबिवलीचे भाऊ कदम हे या परिवर्तनाचे ठळक उदाहरण होय. दूरचित्रवाणीने काहींना अभूतपूर्व कीर्ती दिली. पण शेकडो मंडळांत विभागलेले काम तिने मोजक्या वाहिन्यांत एकवटले. मधल्या फळीतील कलावंताचा बाजार नाहीसा झाला. मार्च २०२० नंतरच्या साथीच्या काळात दोन गणेशोत्सव निर्बंधांत गेले, नाट्यगृहे ऑक्टोबर २०२१ पर्यंत बहुतांश बंद राहिली आणि आधीच खिळखिळी झालेली शिडी कोसळली.

जवळच्या सत्तेचा प्रश्न

याच काळात नकलेने दोन नवी ठिकाणे शोधली. एक म्हणजे राजकीय सभा. राज ठाकरे यांच्या भाषणांतील नकला हे श्रोत्यांचे मोठे आकर्षण ठरले. येथे नक्कल करणारा स्वतःच सत्तेच्या स्पर्धेतील खेळाडू असतो आणि त्याच्यामागे पक्षाचे संरक्षण असते. दुसरे ठिकाण म्हणजे शहरी ‘स्टँडअप’ आणि आंतरजाल. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांनी ठाण्याचा संदर्भ असलेले राजकीय विडंबनगीत प्रसृत केल्यानंतर, ते जेथे चित्रित झाले त्या खार येथील सभागृहाची शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली आणि कलावंतावर गुन्हे नोंदवले गेले. विडंबनाच्या रुचीविषयी मतभेद असू शकतात. परंतु नुकसान सर्वप्रथम सोसावे लागले ते जागा देणाऱ्याला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे. मंडपातला आयोजक जी कात्री आधीच लावीत होता ती का लावीत होता, याचे उत्तर त्यातून मिळते.

समारोप

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील विविधरंजनाचा इतिहास हा जुगाराच्या पैशावर नव्हे, तर वर्गणी, नोकरी आणि नगरपालिका यांच्या आधारावर उभा राहिला. या आधाराने विनोदाला सभ्यता, सातत्य आणि सर्व वयांचा प्रेक्षक दिला. त्याच आधाराने त्याला जवळच्या सत्तेसमोर मवाळ केले. कॅसिनो नव्हता म्हणून कलावंत स्वतंत्र होता, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्याचप्रमाणे उत्सवी आश्रय संपला म्हणून तो मुक्त झाला, असेही म्हणता येत नाही. वाहिनी आणि आंतरजाल यांचीही स्वतःची बंधने आहेत.

या क्षेत्राचे दस्तऐवज नाशवंत आहेत. मंडळांच्या स्मरणिका, अहवाल, जमाखर्चाच्या वह्या, ऑर्केस्ट्राची भित्तिपत्रके, ध्वनिफिती आणि वृद्ध कलावंतांच्या आठवणी ही त्याची मुख्य साधने असून ती ग्रंथालयांत नव्हे, तर घरांच्या पोटमाळ्यांवर आहेत. इमारतींच्या पुनर्विकासाबरोबर ती रद्दीत जात आहेत. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी आपल्या परिसरातील एकेका मंडळाची स्मरणिका जरी मिळवून जतन केली, एकेका कलावंताची मुलाखत जरी ध्वनिमुद्रित केली, तरी जाहिरातीच्या एका ओळीत दडलेल्या या माणसांना त्यांची नावे परत मिळतील. पदवी स्तरावरील प्रकल्पांसाठी याहून जवळचा आणि निकडीचा विषय शोधावा लागणार नाही.